अकरा भेल्या

अकरावी भेली पारड्यात ठेवली आणि तराजूची दांडी सरळ झाली. तांड्यातल्या सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे एकच गलका उठला. एका पारड्यात पाच-पाच किलोच्या अकरा भेल्या गूळ, दुसऱ्यात खेमसिंग राठोड. गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यातून घरी आणला तेव्हाही तो पंचावन्न किलोच होता. वर्ष उलटलं, तरी पाव किलोचा फरक नव्हता.

नंदाबाईच्या डोळ्यांना धार लागली. नवऱ्याचं हृदय थकलंय, ते आता पूर्वीसारखं काम करणार नाही, हे डॉक्टरांनी तिला तेव्हाच सांगितलं होतं. आणखीही एक गोष्ट सांगितली होती. "अंगावरचं मांस टिकलं पाहिजे बाई. या आजारात झडत गेलेला माणूस हाती लागत नाही." बाकीचं बोलणं तिच्या डोक्यावरून गेलं, हे मात्र काळजात रुतलं. त्याच दिवशी तिनं नवस बोलला. वर्षभर माझा माणूस एवढाच राहू दे, त्याच्या भारंभार गूळ वाटीन.

आणि बाई नुसती देवावर विसंबून बसणारी नव्हती. दर सोमवारी ती खेमसिंगला कापसाच्या वजनकाट्यावर उभं करायची. आकडा जरा खाली सरकला की ती ताटात आणखी एक भाकरी वाढायची. भाकरी पुढे आली की तो तोंड फिरवायचा. पण कैरीचं लोणचं आणि भाजलेला पापड असला की अर्धी तरी पोटात जायची. म्हणून सकाळी लोणचं, संध्याकाळी लोणचं. दवाखान्याच्या कागदावर मीठ कमी करा असं लिहिलेलं होतं. मुलानं, शामनं, एकदा ते वाचूनही दाखवलं. "मंग तो कागदच जेवू घालते काय तुह्या बाले?" असं म्हणून तिनं त्याला गप्प केलं. लोणचं चालू राहिलं आणि पुढच्या सोमवारी काटा पुन्हा पंचावन्नावर आला.

"खेमसिंगभाऊ, तुम्ही तं नवरदेव दिसून राह्यले!" तांडाप्रमुख हिरासिंग नाईकांनी टाळी वाजवून चिडवलं. "घोडा आणाव काय?"

खेमसिंग हसला. हसायलाही त्याला मध्येच श्वास घ्यावा लागला. होळीपासून तो भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच झोपत होता. पण लोकांनी पाहिलं ते त्याचं गोल पोट आणि भरलेले पाय. अंग धरलं बरं माणसानं, असं बाया एकमेकींना सांगत होत्या. डोक्याच्या पागोट्याखाली बसलेली कानशिलं कुणी पाहिली नाहीत. खरं सांगायचं तर कुणाला पाहायचीच नव्हती, दिवस आनंदाचा होता.

त्यांची मुलगी जया नागपूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. दिवाळीनंतर ती आज पहिल्यांदाच आली. बस उशिरा पोचली, त्यामुळे बापाला भेटायच्या आधी तिला तराजूच दिसला. दर रविवारी ती फोनवर एकच विचारायची, वजन किती? आई पंचावन्न म्हणाली की ती निश्चिंत मनानं ड्युटीवर जायची.

बापाला पारड्यातून उतरवायला ती पुढे झाली. त्याचा दंड धरला तर तो तिच्या मुठीत मावला. तिनं चमकून खाली पाहिलं. धोतर जरा वर सरकवून त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला, तरी खड्डा तसाच राहिला. गुडघ्यावर दाबलं, मांडीवर दाबलं, कमरेशी दाबलं. सगळीकडे खड्डे पडले आणि भरून आले नाहीत. तिनं बापाला मंदिराच्या ओट्यावर टेकवून बसवलं.

"शाम, जीप काढ. आत्ताच्या आत्ता."

"काहून?" नंदाबाई चिडली. "प्रसाद वाटाचा राह्यला अजून. पाह्य ना जया, एक किलो कमी नाई झाला तुहा बा."

"याडी," जयानं आईला सांगितलं, "हे मांस नाई. पाणी आहे. बाच्या हृदयात जोर नाई राह्यला, म्हणून अंगात पाणी साचून राह्यलं."

"पाण्याचं असते काय एवढं वजन? काटा काय खोटं बोलते?"

जयाचा तोल गेला. राग आईवर नव्हता. नर्स असून वर्षभर आपणही आईसारखंच नुसतं वजन विचारत राहिलो, याची तिला भयंकर लाज वाटत होती. शाम जीपकडे पळाला. ती सरळ गुळाच्या पारड्याशी गेली.

"काटा खरंच बोलते, याडी. यातून पाणी काढून टाकतो. मंग जेवढा गूळ राह्यते, तेवढाच बा राह्यला आपला. पाह्य."

तिनं एक भेली दोन्ही हातांनी उचलली आणि खाली पोत्यावर ठेवली.

"हे पायातलं."

दुसरी उचलली.

"हे पोटातलं."

गलका केव्हाच थांबला होता. ओट्यावर खेमसिंग डोळे मिटून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. नंदाबाईनं पारड्यातल्या नऊ भेल्यांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिला त्याच्या गळ्याची हाडं दिसली. तिनं पुढे होऊन मुलीचं मनगट घट्ट धरलं.

"बस झालं, जया. समजलं मले. बस."

जयानं हळूच मनगट सोडवून घेतलं आणि तिसऱ्या भेलीला हात घातला.