मूठभर साखर

खाटीक इतका आडदांड, की त्याला बघून दारानंच अंग चोरावं. दवाखान्यात शिरताच त्यानं पलंग उलटवला, सलाईनचा स्टँड वॉर्डबॉयच्या डोक्यात घातला आणि मोठ्या सिस्टरचा गळाच आवळला. "ढोसून आलाय मेला! हाणा!" म्हणत पहारेकऱ्यांनी दंडुके उगारले. शिकाऊ नर्स मात्र नाडी बघायला त्याच्या मनगटालाच लोंबकळली. अंग बर्फासारखं गार, घामानं थबथबलेलं, तोंडाला दारूचा वासच नाही. "थांबा, मारलंत तर मरेल! याची शुगर उतरलीय!" चहाच्या टेबलावरची मूठभर साखर तिनं त्याच्या गालात कोंबली. त्यानं कचकन बोट चावलं, पार हाडापर्यंत. रक्त ओघळलं, तरी पोरगी साखर चोळतच राहिली. हळूहळू पंजा सैलावला, सिस्टर खोकत सुटली, खाटीक शुद्धीवर आला. "ताई, बोटाला काय झालं हो?" "कुत्रं चावलं, दादा." "अरेरे! असल्या कुत्र्याला बांधून ठेवायचं ना!"