दोन दणक्यांच्या मधलं

दुकानदारानं आवाज वाढवला तसा काउंटरवरचा कप बशीत किणकिणायला लागला.

“बघा आई! छातीत जाणवतं की नाही?” जावई ओरडून म्हणाला. पाच स्पीकर, पायाशी भलामोठा वूफर, आणि सगळं सासूबाईंनी ठरवलेल्या पैशांत बसणारं. आठवडाभर फोनवर शोधाशोध करून त्यानं हाच सेट हेरून ठेवला होता.

“जाणवतं,” सासूबाई म्हणाल्या. “पण ती बाई काय म्हणाली?”

“कोण बाई?”

“आत्ता पडद्यावर होती ती. रडत रडत काहीतरी बोलली.”

जावयानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं दुकानदाराकडे. कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

सासूबाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. सगळी नोकरी त्यांनी एका थिएटरच्या तिकीट खिडकीवर काढली होती. मिळालेले पैसे बँकेत ठेवा, असं घरातल्यांनी सांगून पाहिलं. त्यांनी बरेचसे ठेवलेही. पण थोडे बाजूला काढले आणि म्हणाल्या, ह्यात होम थिएटर बसवायचं.

“तो पिक्चर लावता का?” त्यांनी दुकानदाराला विचारलं. “दोन भाऊ असतात. पूल पडतो बघा शेवटी.”

“अहो, तो! लावतो की,” दुकानदार शोधायला लागला.

“आमची खिडकीची खोली थिएटरला अगदी चिकटून होती,” बाई सांगायला लागल्या. “आत शो सुरू झाला की बाहेर पुढच्या शोची रांग, त्यामुळे आत जायची सोयच नाही. हा पिक्चर महिनोन्‌महिने चालला. भिंतीतून मला एवढंच ऐकू यायचं. एक दणका. मग सगळं शांत. मग अख्खं थिएटर हसायचं. मग दुसरा दणका. आणि बाहेर येताना तीच माणसं डोळे पुसत यायची. आता तुम्हीच सांगा, पूल पडत असताना माणसं हसतात कशी?”

“मग विचारायचंस ना कुणाला तरी,” लेक म्हणाली.

“विचारलं की गं. जो तो वेगळंच सांगायचा. घरी टीव्हीवर लागला तेव्हा कान देऊन बसले, तर नेमका तिथंच तो मेला थोरला भाऊ पुटपुटतो.”

पिक्चर सापडला. दुकानदारानं थेट पुलाशी आणून सोडला. पहिला दणका असा झाला की शेजारी इस्त्री बघायला आलेलं जोडपं दचकून वळलं. मग थोरल्या भावाचे ओठ हलले. नदीची घुंघुं तेवढी दुकानभर भरून राहिली.

“परत लावा.”

परत लावलं. घुंघुं.

दुकानदारानं बटणं फिरवून पाहिली, वूफर कमी केला, मग हात टेकले. “खरं सांगू का मावशी? ह्या पैशांत एवढे डबे म्हटल्यावर एकेक डबा हलकाच असणार.” त्यानं फळीवरच्या दोन लाकडी स्पीकरांकडे बोट दाखवलं. “तेवढ्याच पैशांत ते येतात. पण दोनच. दणका मिळायचा नाही.”

“दोन?” जावई कळवळला. “आई, दोन डब्यांना कुणी होम थिएटर म्हणतं का? लोक हसतील आपल्याला.”

“हसू देत. दणका मी उभी नोकरी ऐकला, जावईबापू. भिंतीतून, फुकट. मला बाकीचं विकत घ्यायचंय.”

दुकानदारानं तारा बदलल्या. पूल पुन्हा कोसळला. धाकटा भाऊ अधांतरी लोंबकळत होता आणि थोरल्यानं त्याचा पंजा धरून ठेवला होता. नदी आता खाली, तिच्या जागी वाहत होती. वर थोरल्याचा श्वास ऐकू येत होता, आणि दगडावर घासणारी त्याची बाही. मग तो हळूच, चिडल्यासारखा म्हणाला,

“हात पुसून यायचंस की रे. लहानपणापासून घामट हात तुझा.”

बाई खळखळून हसल्या. दुकानदार हसला, लेक हसली, इस्त्रीवालं जोडपंही हसलं. ते हसू ओसरायच्या आत दुसरा दणका आला. लहानसाच. भिंतीतून यायचा त्याहूनही लहान. थोरल्याचा हात तसाच पुढे होता, पण त्यात आता काही नव्हतं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“असं होय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग ताठ बसल्या. “हेच द्या.”

“कमालच झाली,” म्हणत दुकानदारानं रिमोट उचलला.

“अहो, बंद काय करताय? संपलाय का?”

दुकानदार घुटमळला. त्यानं रिमोट खाली ठेवला आणि जाऊन पडद्याच्या वरच्या दोन्ही ट्यूबलाइट मालवल्या. दुकानाचा तो कोपरा अंधारला. इस्त्रीवाल्या जोडप्यानं खोकी ओढून बैठक मारली. रस्त्यावरून जाणारे दोघं-तिघं दारात थबकले, मग आत येऊन मागे उभे राहिले. लेक आईच्या खुर्चीच्या हातावर टेकली.

जावई तेवढा त्या दोन डब्यांसमोर, तोंड उघडं टाकून उभा होता.

“जावईबापू,” पडद्यावरची नजर न हलवता बाई म्हणाल्या, “खाली बसा. मागच्यांना दिसत नाही.”