तिसऱ्या पावलाचा झोक

"एक, दोन, आणि खाली!" रादोवान ओरडला, आणि आठही पोरांचे डावे गुडघे एकदम वाकले.

भिंतीपाशी बसलेली रोझालिया खुर्चीतून अर्धवट उठली.

व्हायोलिन थांबलं. आठही जोड्या तिसऱ्या पावलाला विस्कटल्या होत्या. हेद्विका नावाची एक मुलगी तर जोडीदाराच्या छातीवरच आदळली होती, आणि बाकीच्या तिला बघून खिदळत होत्या.

"बघितलंत ना, मावशी?" रादोवान घाम पुसत म्हणाला. "दर वेळी इथंच घोडं अडतं. जत्रा दोन आठवड्यांवर आलीय आणि ही सगळी नवशिकी. पोरांचं पाऊल मी जुन्या फिल्मवरून बसवलं, तुमच्या आणि वेंदेलीनकाकांच्या. पण बाईनं काय करायचं ते त्यात दिसतच नाही. म्हणून तुम्हाला त्रास दिला."

"हे असं खाली कशाला जायचं?" रोझालियानं विचारलं. माहीत असूनही विचारलं.

"वा! अहो, तोच तर आपल्या यावोर्का गावाचा झोक! फिरकीचा नाच गावोगाव आहे, पण हा झोक दुसऱ्या कुणाकडे नाही. ब्र्नोच्या एका प्राध्यापकांनी लिहिलंय, पीक हाती आल्यावर मातीला केलेला नमस्कार आहे हा. फार जुना आहे म्हणे."

"किती जुना?"

"तीनशे वर्षं तरी असेल."

रोझालियाला हसावं की रडावं कळेना. तो झोक पंचावन्न वर्षांचा होता. जंगलात लाकूडतोड चालू असताना एक ओंडका घरंगळत आला आणि तिच्या नवऱ्याच्या, वेंदेलीनच्या डाव्या गुडघ्यावर आदळला, त्या वर्षापासूनचा. चालताना तो लंगडतो हे गावाला दिसत होतं. पण नाचायला उभा राहिला की वेंदेलीनचा पाय बरा होतो, असं गाव म्हणायचं, आणि त्या एका बोलण्याच्या जोरावर तो ताठ मानेनं जगला. गुडघा मात्र दर तिसऱ्या पावलाला दगा द्यायचाच. बघणाऱ्यांना वाटायचं, काय ऐट आहे! मग तरणी पोरंही तशीच ऐट करायला लागली. सात वर्षांपूर्वी तो गेला. त्याच्या बरोबरीचंही आता कुणी उरलं नव्हतं. खरं काय ते तिला एकटीला ठाऊक होतं.

त्यानं जन्मभर जे झाकलं, ते आता आठ धडधाकट पोरं भर जत्रेत मिरवणार होती. तिला संताप आला. 'अरे गाढवांनो, हे पाऊल नाही, ही दुखापत आहे,' हे शब्द अगदी ओठांवर आले. पण ते बोलायचं म्हणजे तिनंच नवऱ्याला चव्हाट्यावर आणायचं. त्यापेक्षा झोकाच्या आधीची सरळ चाल शिकवावी आणि हे खूळ बिनबोभाट मोडून काढावं, असं तिनं ठरवलं.

"चल रे रादोवान, मी दाखवते," ती उठत म्हणाली. "गुडघा वाकवायचा नाही. आमच्या लग्नात सगळे सरळ नाचले होते. खरी चाल ती."

"काय सांगता! झोकच नाही?"

"आधी नाच, मग बोल."

व्हायोलिन सुरू झालं. एक, दोन. रादोवान सांगितल्याप्रमाणे ताठ राहिला. तिसऱ्या पावलाला रोझालियाचा उजवा हात आपोआप त्याच्या डाव्या कोपराखाली सरकला, खांदा खाली गेला, आणि न वाकलेल्या माणसाला तिनं वर उचललं.

"मावशी! अहो, छपराला टांगताय की काय मला!"

पोरं खो खो हसली. तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा तिनं हात नेटानं रोखून धरला, तर तिचीच पावलं चुकली. लग्नात नाचलेली ती चाल तिच्या अंगातून कधीच निघून गेली होती, आणि दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती. ती मटकन खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. दम लागलाय असं समजून कुणीतरी पाण्याचा पेला आणून दिला.

"मावशी, आत्ता हातानं जे केलंत ना, तेच आम्हाला पाहिजे," हेद्विका तिच्यापुढे गुडघ्यांवर बसत म्हणाली. "फिल्ममध्ये ते दिसतच नाही."

"दिसू नये अशाच बेतानं करायचं असतं ते."

रोझालियानं पेला खाली ठेवला. मग डोळे पुसून उठली आणि हेद्विकाचा हात तिच्या जोडीदाराच्या कोपराखाली नीट बसवला.

"तो खाली जायच्या आधी इथं धरायचं. आधी, कळलं? नंतर धरशील तर तो पडलाच. सगळं वजन तू घे. आणि चेहरा हसरा ठेव. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, त्याला मस्ती चढलीय."

व्हायोलिन वाजलं. एक, दोन, खाली. पोरगा वाकला, वर आला, आणि जोडी न विस्कटता गर्रकन फिरली. रादोवाननं टाळ्या पिटल्या.

"बाई बाई, केवढा जड आहे हा!" हेद्विका धापा टाकत म्हणाली. "मावशी, आपण धरून ठेवलंय हे पुरुषांना कळतं का हो?"

रोझालियानं तिच्याकडे पाहिलं.

"नाचून घरी जाताना दर वेळी विचारावंसं वाटायचं," ती म्हणाली. "राहूनच गेलं बघ."