भोंगा वाजला नाही

"भोंगा बंद हाय. निघा बाहेर सगळ्या." बबिता शेताच्या धुऱ्यावर उभी राहून घसा फोडत होती आणि कापसाच्या पऱ्हाटीतल्या बाया हसत होत्या.

हसणारच. नाल्यापलीकडच्या खांबावरचा तो डब्बा बबितानंच तर लावला होता. आत कॅमेरा, बोटभर कॉम्प्युटर आणि वर भोंगा. नाल्यातून वाघ निघाला की भोंगा असा कोकलायचा, की राळेगावच्या रस्त्यावरची माणसं थांबायची. तेव्हापासून तांड्यातल्या बाया इथं बिनघोर कापूस वेचत होत्या. मचाणावर बसून टिनाचा डबा बडवायला माणूस ठेवायची पद्धत मोडली. मचाणाची लाकडं केव्हाच चुलीत गेली.

"पोरी, भोंगा वाजला का?" धनीबाईकाकीनं वाकल्या वाकल्याच विचारलं.

"नाही वाजला काकी. बिघडला हाय, म्हणून नाही वाजला. उत्तमसिंगभाऊनं सकाळी नाल्यात पंजे पायले, ताजे."

"पंजे तं रोजच रायते. तूच सांगतलं होतं ना देवळासमोर? भोंगा वाजला नाही म्हंजे काही नाही, खुशाल काम करा. मंग आता कायले भेवाडतं?"

सांगितलं होतं. माइक हातात घेऊन, चांगलं दोनदा सांगितलं होतं. आता आपलंच बोलणं कोणत्या तोंडानं खोडायचं?

आणि डब्बा बिघडवला कोणी, तर तो तिनंच. आभाळाच्या दिवसांत सोलरची बॅटरी मध्येच बसायची आणि डब्ब्यातल्या फायली खराब व्हायच्या. नागपूरच्या एका कंपनीसाठी या डब्ब्यांचं काम ती घरूनच करायची. डब्बा चालवणारं लिनक्स ज्या बिल्ड सिस्टीममधून बांधून निघतं, तिच्यात तिनं रूट फाइलसिस्टीमच्या इमेजचा, म्हणजे डब्ब्यातल्या सगळ्या फायलींच्या गाठोड्याचा, नवा प्रकार जोडला. दाबून बांधलेली, नुसती वाचता येणारी इमेज. बॅटरी गेली तरी तिला धक्का लागत नाही. घरच्या टेबलावरच्या डब्ब्यात ती फक्कड चालली. मग पहिला मान कोणाला? आपल्या तांड्याला. हौसच ती. सकाळी घरबसल्या तिनं ती इमेज नाल्याकडं पाठवली. डब्बा बंद झाला आणि पुन्हा उठलाच नाही.

टेबलावरचा डब्बा नवा होता, खांबावरचा जुना. जुन्या डब्ब्यातल्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ही नवी इमेज वाचताच येत नव्हती. एवढी साधी गोष्ट, पण बाईसाहेबांच्या डोक्यात आली नाही. आता केबल लावून डब्बा नव्यानं भरल्याशिवाय इलाज नव्हता, आणि ती केबल उद्या नागपूरहून येणार होती.

"याडी, तू तरी ऐक."

तिची आई, सोनीबाई, कापसानं फुगलेली ओटी सावरत धुऱ्यापाशी आली. बायांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं तिनं विचारलं, "खरंच बंद हाय?"

"खरंच. मीच बंद पाडला."

"आत्ता चालू नाही होत?"

"उद्याबिगर नाही होत."

सोनीबाईनं वर पाहिलं. आभाळ भरून आलं होतं, आणि फुटलेलं बोंड भिजलं की कापसाची माती होते. मग तिनं बायांकडं पाहिलं.

"त्या नाही निघत आता. मीच त्यायले रोज सांगतो, माह्या पोरीचा भोंगा हाय, भेऊ नका म्हणून." तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बबिताला बरं वाटलं असतं.

सोनीबाई मागं वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "धनी, तुम्ही साऱ्या वरच्या अंगानं घ्या. नाल्याकडच्या पऱ्हाटीचे तास मी येचतो."

"काहून वो?"

"तिकडं बोंडं चांगली फुटली. मले पायजेत."

सोनीला लोभ सुटला, असं कोणीतरी म्हणालं आणि बाया पुन्हा हसल्या. हसत हसत वर सरकल्या. बबितानं त्यांना परत एकदा हाक मारून पाहिली. कोणी मान वळवली नाही. मग ती आईच्या मागोमाग पऱ्हाटीत शिरली.

नाल्याकडची पऱ्हाटी छातीला लागत होती. पलीकडं गवत, त्यापलीकडं खांब आणि खांबावर तो मुका डब्बा.

"बोलत राय माह्यासंगं," सोनीबाई म्हणाली. "मोठ्यानं. माणसाचा आवाज असला की थो बाजूनं निघून जाते."

"काय बोलू?"

"भोंगा कसा बिघडला, थेच सांग."

"पयले डब्ब्यात वेगळी इमेज होती याडी," बबिता ओरडून सांगू लागली. "तिच्यात लिहिता बी येत होतं."

"हं."

"लिहिता लिहिता बॅटरी गेली की ती खराब व्हायची. म्हणून मी दुसऱ्या जातीची जोडली. स्क्वॉशएफएस."

"हं." सोनीबाईचे हात बोंडांवर चालत होते आणि नजर नाल्यावर होती.

"पण जुन्या कर्नलले थे नाही समजत. मी टेबलावरच तपासली. इथं येऊन पायलंच नाही मी. घाई केली. चुकलं याडी माह्यं."

"हं."

पलीकडचं गवत हललं. वारा असेल. नसेलही. बबिताचे शब्द संपले आणि ती नुसती उभी राहिली.

"थांबू नको," सोनीबाई म्हणाली. तिनं मान वळवली नाही. "पुन्हा पयलेपासून सांग."