बहिऱ्या काकांची तीन वाक्यं

सगळं जमलं तर काय काय पदरात पडणार, याची मांडणी प्रॉम्प्टरनं मनाशी चोख करून ठेवली होती. बहिऱ्या काकांची भूमिका. आरसा असलेली खोली. जाहिरातीवर नाव. आणि सगळ्यांत मोठी मिळकत म्हणजे आवाज. एकोणीस वर्षं तो रंगमंचाच्या पुढच्या कडेला, लाकडी टोपणाखालच्या खड्ड्यात बसून कुजबुजत आला होता. अख्खं नाटक तोंडपाठ, पण शेवटच्या बाकावरच्या माणसानं त्याचा आवाज एकदाही ऐकला नव्हता.

जाणार होते ते फक्त भावोजी, म्हणजे बहिणीचा नवरा. तेही दीडच वर्ष.

प्रहसन मूळचं फ्रेंच. तिथे बायकोच्या भीतीनं एक न्यायाधीश कपाटात लपतो. साहेबाच्या भाषेत आला तेव्हा त्याचा साबणाचा व्यापारी झाला होता. साहेबाचे न्यायाधीश कपाटात लपत नाहीत. नाटक कंपनीच्या भाषांतरकारानं त्याला पुन्हा न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवलं आणि वर तीन वाक्यं स्वतःची घातली. पहिल्याच खेळानंतर सरकारी लाल पेन्सिल फिरली. वाक्यं गेली, न्यायाधीश गेला, त्याच्या जागी कपाटापुढे उभा राहून उंदरांबद्दल बडबडणारा बहिरा काका आला. गंमत अशी की नाटक चाललं ते या काकामुळेच. कानामागे हात नेऊन भावोजी "काय? मोठ्यानं बोल!" म्हणाले की थिएटर डोक्यावर घेतलं जाई.

कंपनीच्या वहीत त्या तीन वाक्यांवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. आणि नवा हुकूम होता: गाळलेलं वाक्य भर थिएटरात जो उच्चारील, तो दीड वर्ष आत.

भावोजी पाठांतर करत नसत. "माझं पाठांतर म्हणजे आमचा मेव्हणा," असं चारचौघांत सांगत, आणि खड्ड्यातून येईल ते बोलत. चुकीचं आलं तर चुकीचं. एकदा प्रॉम्प्टरची दोन पानं एकदम उलटली, तर भावोजींनी लग्नाआधीच बारशाचं आमंत्रण दिलं होतं.

एवढंच पुरेसं होतं. प्रॉम्प्टरनं वाफेवर धरून पट्टी सोडवली. पंधरा दिवसांनंतरच्या रविवारी, दुपारच्या खेळात काका काय बोलणार आहेत, याची निनावी चिठ्ठी सरकारी तपासनिसाच्या कचेरीत टाकली.

ताई जेवणाचा डबा घेऊन आली, तेव्हा वही उघडीच होती.

"पट्टी निघाली वाटतं?"

"गोंद जुना झालाय, ताई."

"हो का." तिनं पट्टी उचलली, उलटसुलट पाहिली, पुन्हा होती तशी ठेवली. "जेवून घे. गार होईल."

त्यानंतरचे पंधरा दिवस ताई आणि भावोजी रोज सकाळी नदीकाठी फिरायला जाऊ लागली. भावोजी चालता चालता तोंडातल्या तोंडात पुटपुटत. प्रॉम्प्टर खिडकीतून बघे आणि मनात म्हणे, म्हातारा लागला बडबडायला. वेळेवरच चाललाय म्हणायचा.

रविवारी तपासनीस पहिल्या रांगेत येऊन बसला, अगदी खड्ड्याच्या मागे. मांडीवर नाटकाची मंजुरीच्या शिक्क्याची प्रत, हातात पेन्सिल. दोन्ही दारांशी दोन-दोन शिपाई. लोक हसत होते, पण जरा जपून, कुणी आपल्याला हसताना पाहतंय का ते पाहून.

पडदा उघडायच्या आधी ताई खड्ड्याशी वाकली.

"आज नीट सांग हं त्यांना. मंजूर झालंय तेवढंच."

"एकोणीस वर्षं काय करतोय मी?"

"म्हणून तर म्हणतेय रे." ती आणखी खाली वाकली. "तुला काही बोलायचंय का माझ्याशी?"

"घंटा झाली, ताई. जा."

ती विंगेत जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या अंकात काका कपाटापुढे आले आणि गप्प झाले. प्रॉम्प्टरनं ओठ पुढे केले आणि कुजबुजला, "न्याय कपाटात कोंडलाय."

भावोजींनी खड्ड्याकडे वाकून कानामागे हात नेला. "काय? मोठ्यानं बोल!"

प्रेक्षक खो-खो हसले. हे नेहमीचंच होतं. प्रॉम्प्टरनं आवाज चढवला. "न्याय कपाटात कोंडलाय!"

"अरे, जेवला नाहीस का? मोठ्यानं!"

हशा वाढला. तपासनिसाची पेन्सिल थांबली. रंगमंचावरची शांतता लांबत चालली. खेळात खंड पडला की प्रॉम्प्टरला दुसरं काही सुचत नसे, त्याचा गळा आपोआप उघडे. एकोणीस वर्षांची सवय. त्यानं छातीभर श्वास घेतला. नेमके त्याच क्षणी भावोजी प्रेक्षकांकडे वळले, दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "गप्प बसा हो! ऐकू द्या की!"

थिएटर चिडीचूप झालं.

"न्याय कपाटात कोंडलाय! किल्ली साहेबाच्या खिशात आहे! आणि तो खिसा आपणच शिवून दिलाय!"

आवाज थेट शेवटच्या बाकावर जाऊन आदळला.

कुणी हसलं नाही. तपासनीस उठला, दोन पावलं पुढे आला आणि खड्ड्याचं टोपण उचललं. शिपाई दारांकडून निघाले. भावोजी मात्र सावकाश कपाटाकडे वळले आणि शिक्क्याच्या प्रतीतलं वाक्य खणखणीत बोलले, "या कपाटात उंदीर झालेत. मांजर आणा." मग पुढचं वाक्य. मग त्याच्या पुढचं. खड्ड्यात आता सांगायला कुणी नव्हतं, तरी काना-मात्रा न चुकता सगळं पान.

शिपायांनी दंडाला धरून वर काढलं, तेव्हा प्रॉम्प्टरला विंग दिसली. ताईच्या हातात तिच्याच अक्षरातला कागद होता, नदीकाठी हाताळून मऊ पडलेला. नवऱ्याच्या शब्दाशब्दाबरोबर तिचे ओठ हलत होते आणि डोळे वाहत होते. प्रॉम्प्टरला आवाज मिळाला, उद्या वर्तमानपत्रात छापील नावही मिळणार होतं. भावोजींचं दीड वर्ष वाचलं. त्यापायी ताईनं मोजलेली किंमत म्हणजे तिचा एकुलता एक भाऊ.