कौसल्याबाईंची झोप

सर्जेरावांच्या बंडीच्या पाठीला आतून कौसल्याबाई सुपारी शिवत होत्या.

"ही कोणती नवी फॅशन?" सर्जेरावांनी विचारलं.

"डॉक्टरसाबानं सांगितलं. उताणं झोपलात की टोचंल. टोचलं की कुशीवर व्हाल."

"आन् न्हाई झालो तर?"

"मंग मी हाये की."

त्या होत्याच. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि तितकीच वर्षं कौसल्याबाई रात्रीचा पहारा करत होत्या. सर्जेराव असे घोरायचे की गोठ्यातले बैल कान टवकारायचे. घोरण्याचं कौसल्याबाईंना काही नव्हतं. भीती होती ती घोरणं मध्येच बंद पडण्याची, कारण त्याबरोबर श्वासही बंद पडायचा. मग त्या मनात आकडे मोजायच्या आणि दहा झाले की नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारायच्या. श्वास पुन्हा सुरू व्हायचा. सर्जेरावांना सकाळी पत्ताही नसायचा, आणि बायको दिवसभर का पेंगते म्हणून वर तेच कुरकुरायचे.

यंदा ज्वारीच्या काढणीत त्यांच्या छातीत कळ आली. कुंभार पिंपळगावच्या डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"श्वास अडला की काळजाला दुप्पट राबावं लागतं," ते म्हणाले. "दिवसभर औत ओढलेल्या बैलाला रात्रीही जुंपलं तर तो किती दिवस टिकेल? यांना नीट झोप मिळाली नाही, तर हे काळीज वर्ष काढणार नाही."

कौसल्याबाई घरी आल्या त्या थेट सुई-दोरा घेऊनच बसल्या.

सुपारीनं काम केलं. दोन रात्री सर्जेराव कण्हले, तिसऱ्या रात्री कुशीवर शांत झोपले. घर इतकं गप्प झालं की कौसल्याबाईंना आधी करमेचना. मग त्यांचाही डोळा लागला, आणि बावीस वर्षांची राहिलेली झोप एकदम अंगावर आली.

त्यांना स्वप्नं पडू लागली. दुधना नदीच्या डोहात त्या खाली खाली चालल्या आहेत. पाणी हिरवं, कोमट. अंगाला भार नाही, कानाला आवाज नाही. तळाशी मंद उजेड, आणि तिथंच राहावं असं वाटतं. तेवढ्यात कुणीतरी खांदा धरतं आणि वर ओढतं.

जाग यायची तेव्हा ऊन ओसरीवर आलेलं असायचं. त्या कुशीवर वळलेल्या असायच्या, आणि खांद्यावर नवऱ्याचा हात. या वयात माणसाला माया फुटली, म्हणून त्यांना हसू यायचं. बरंही वाटायचं. डोकं जरा जड असायचं, पण सवय नसताना एवढं झोपल्यावर ते व्हायचंच.

"काल पुन्हा डोहात गेल्ते," त्या चहा देताना म्हणाल्या. "कुणीतरी वर ओढलं."

"कोण व्हतं?"

"तोंड दिसलं न्हाई."

सर्जेरावांनी बशीतल्या चहावर फुंकर घातली. "झोपत जा तू निवांत," ते म्हणाले.

महिना झाला. घोरणं बिलकुल नाही, तरी सर्जेराव वाळत चालले. डोळे लाल. आष्टीच्या बाजारातून परतताना ते गाडीतच झोपले आणि बैलांनीच त्यांना घरी आणलं. मग पुन्हा छातीत कळ आली. सगळं डॉक्टर म्हणाले तसंच केलं होतं, आणि तरी माणूस हातचा चालला होता. त्यांनी सर्जेरावांना ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तपासलं आणि चिठ्ठी लिहून कौसल्याबाईंना कंपाउंडरकडे पाठवलं. बाटली घेऊन त्या परत आल्या, तेव्हा पडद्याआड बोलणं चाललं होतं. त्या तिथंच थांबल्या.

"आधीपेक्षा वाईट आहे," डॉक्टर म्हणाले. "झोपता की नाही?"

"न्हाई."

"कधीपासून?"

"महिना झाला. उशाशी बसूनच राह्यतो."

"सुपारी टोचते का?"

"तिचं काई न्हाई." सर्जेरावांनी आवाज खाली आणला. "मालकिणीला सांगू नका, डॉक्टरसाब. बावीस वर्षांनी झोपून राह्यली ती. समजलं तर भ्यानं पुन्हा डोळा मिटायची न्हाई."

"पण काय समजलं तर?"

"ती झोपली की तिचा श्वास थांबतो."