दोन दारांची पाळी

भैयालालचा पोत्यांचा ठेला राइस मिलच्या गोदामाच्या दारातून आत गेला, पण चौकटीवरचं यंत्र गप्पच. शेजारच्या दारातून दुर्पता ठेला घेऊन आली. तिचंही यंत्र मुकं.

"का झालं वं?" दुर्पताने चेतनाला विचारलं. "सांजेपर्यंत नाही जमलं तं शेठ आमचं दार बंद करतीन."

आमचं दार म्हणजे बायकांच्या टोळीचं. मिलमध्ये एकच दार राहिलं, तर ते भैयालालच्या टोळीला मिळणार आणि बायका घरी बसणार. हे सगळ्यांना ठाऊक होतं. यंत्रं बसवणाऱ्या चेतनालाही. म्हणून ती जेवणसुद्धा सोडून दोन्ही दारांच्या मधोमध लॅपटॉप घेऊन बसली होती.

यंत्रं धडधाकट होती. तांदळाच्या पोत्यांवरच्या चिपा ती रेडिओच्या लहरींनी वाचत. पण मागच्या आठवड्यात भैयालालने हट्टाने आपल्या यंत्राची ताकद पूर्ण वाढवून घेतली. ते पाहून दुर्पताही हटून बसली, तिच्याही यंत्राची वाढवावी लागली. झालं! दोघांच्या कल्लोळात बिचाऱ्या चिपांचा आवाज ऐकणार कोण?

"काकाजी, दोनीची ताकद कमी करा लागते," चेतना म्हणाली.

"माही कायले? मंडईत दोन भोंगे लागले तं जोराचाच आयकू येते."

"अन् दोनी जोराचे लागले तं?"

"तं मंग तिचा बंद कर. माहा चालते का नाही पाह्य."

चालणार होतं, तीच तर पंचाईत होती. चेतनाला राग आला.

"बंद कोणाचाच नाही होत," ती म्हणाली. "काकाजी, तुमच्या गावच्या तलावाचं पाणी तुमीच सोडता ना? सगळेच एका वक्ती पाणी घेतो म्हणाले तं?"

"असे कसे घेतीन? पाळी राहते. पाळीत मी सख्ख्या भावाले सोडलं नाही."

"तेच इथं करून राहिली मी."

तिने दोन्ही यंत्रांची ताकद उतरवली. एक बोलेल तेव्हा दुसऱ्याने चूप बसायचं, असं त्यांना बांधून दिलं. भैयालालने नाखुशीनेच ठेला पुढे लोटला. टीं. मग दुर्पताने लोटला. टीं. दुर्पता लहान पोरीसारखी हसली, आणि चेतनाचे डोळे भरून आले.

यंत्रांची पाळी पापणी लवायच्या आत बदलत होती. माणसांनी थांबायचं कारणच नव्हतं. दोघं बरोबर गेले तरी चाललं असतं.

पुढच्या खेपेला दोन्ही ठेले एकदमच दारांशी आले. भैयालाल थांबला. थांबायची गरज नाही हे सांगायला चेतनाने तोंड उघडलं, आणि मिटलं.

"काऊन थांबला बे?" मागून त्याच्या टोळीतला चुन्नीलाल ओरडला.

भैयालालने मागे वळूनही पाहिलं नाही.

"तिची पाळी आहे."